बिनटिंबाचा चार

मातालोतो गावची मंडळी गोड गातात, याबद्दल अख्ख्या वावाउ बेटावर कुणाचं दुमत नाही. दुमत आहे ते गाणं संपतं कुठल्या सुरात, याबद्दल.

गेल्या वर्षी राजधानीत, चर्चच्या वार्षिक परिषदेत, त्यांनी चार कडवी नुसत्या गळ्यानं गायली. ऐकणाऱ्यांनी डोळे पुसले. पाचव्या कडव्याला रिवाजाप्रमाणं पितळी बँड येऊन मिळाला, आणि कानात खडा गेल्यासारखं झालं. बँड त्याच्या जागीच होता. मातालोतोची मंडळी मात्र गात गात जवळजवळ अर्धा सूर खाली उतरली होती, आणि कुणाला पत्ताही नव्हता. आधी पोरं हसली, मग बायका, मग पाद्रीबाबांनी तोंडाला रुमाल लावला. आपल्याकडं हसू फुटलं की कुणी कुणाला आवरत नाही, मग ते देवाचं घर असो.

नाक कापलं गेलं ते पेनिसिमानीचं. तो मंडळींचा मास्तर. पोटापाण्यासाठी शाळेत गणित शिकवतो, पण गावात मास्तर म्हणतात ते गाण्याचा म्हणून. परतीच्या बोटीतून उतरल्यावर तो एवढंच म्हणाला, "ज्या गीतानं नाक कापलं, त्याच गीतानं ते परत लावायचं. पुढच्या वर्षी हेच गाऊ."

मग तो चूक शोधायला बसला. लाकडी पेटीवर मासेमारीची तार ताणली, खाली एक सरकता तुकडा ठेवला, आणि एकेक स्वर तारेवर मोजू लागला. आपल्याकडं स्वर आकड्यांनी लिहितात हे बरंच झालं. तीन हा घरचा सूर, तिथून वर नऊपर्यंत. एक आणि दोन का नाहीत, हे विचारायला जाऊ नये. जुन्या पाद्रीबाबांनी तसं ठरवलं आणि ते अंगवळणी पडलं. तर गणिताच्या मास्तरानं आकडे घेतले, तार घेतली, आणि पाचचा स्वर मोजला. तारेचे पाच सारखे भाग करून चारच वाजवले की जो पाचचा स्वर निघतो, तो मधासारखा गोड. मंडळी तोच गात होती. चर्चमधल्या कीबोर्डचा पाच त्याहून चढा. म्हणजे मंडळी कीबोर्डपेक्षा शुद्ध गात होती, तरी खाली जात होती. पेनिसिमानीचं डोकं चक्रावलं.

बरेच दिवस तारेशी झटल्यावर एका दुपारी ते सापडलं. तिसऱ्या ओळीत मधल्या आवाजाच्या बायका चारचा स्वर लांब धरून ठेवतात. त्यांच्याखाली आधी आठचा सूर असतो, मग तो बदलून सातचा होतो. आठशी गोड जुळणारा चार केसभर खालचा आहे. सातशी गोड जुळणारा चार केसभर वरचा. बायका खालचा धरतात आणि तसाच, हलू न देता, पुढं नेतात. मग खर्जातले पुरुष आपला सात त्या चारशी जुळवून घेतात, म्हणजे तेही केसभर खाली, आणि त्यांच्यामागं सगळी मंडळी. एका कडव्यात एक केस. चार कडव्यांत जवळजवळ अर्धा सूर. कुणी बेसूर नव्हतं. प्रत्येक जण शेजाऱ्याशी जुळवून घेत होता, एवढंच.

उपाय सोपा होता. सूर बदलताना बायकांनी चार केसभर वर उचलायचा. दोन वाक्यांचं काम.

पण मधल्या आवाजाच्या बायका जिच्या तोंडाकडं बघून गातात, ती लेसिएली होती, आणि लेसिएली पेनिसिमानीची थोरली बहीण.

आता हे मातालोतोत कुणाला सांगावं लागत नाही. भावानं बहिणीसमोर पाय पसरून बसू नये, ती असेल त्या खोलीत हसूखिदळू नये, तिच्या नावानं वावगा शब्द ऐकून घेऊ नये. मळ्यातला पहिला सुरणकंद तिच्या दारात जातो. तिची पोरं मामाच्या घरात शिरून हवं ते उचलून नेतात आणि मामानं हसून बघायचं असतं. लेसिएलीची मुलगी तोकिलुपे तर सध्या मामाची छत्री, मामाचा काळा चष्मा आणि मामाचं मनगटी घड्याळ, तिन्ही वापरत होती. अशा बहिणीला चारचौघांत म्हणायचं, अक्का, तुमचा स्वर चुकतोय? त्यापेक्षा बँडपुढं पुन्हा एकदा नाक कापून घेतलेलं परवडलं.

बायकोकरवी सांगावं तर ती नणंदेपुढं मान वर करत नाही. एकटीला गाठून बोलावं तर भाऊ बहिणीशी एकांतात बोलत नाही. पेनिसिमानीनं तालमीच्या हॉलमधल्या गीताच्या फळ्यावर लिहून बघितलं. हॉल रिकामा असताना त्यानं बायकांच्या ओळीत, त्या चारच्या डोक्यावर, वर उचला म्हणून एक आकडी काढली. मग चार पावलं मागं जाऊन बघितलं. सगळ्या गीतात एकच खूण, ती बायकांच्या ओळीत, आणि नेमकी तिथं. बोट दाखवल्यासारखीच दिसत होती. त्यानं ती तळहातानं पुसली.

आणि इथं त्याला जे सुचलं ते गणिताच्या मास्तरालाच सुचावं. एक खूण उठून दिसते ना, मग सगळीकडंच खुणा करायच्या. प्रत्येक आवाजाच्या प्रत्येक स्वराला. खाली टिंब म्हणजे स्वर केसभर खालचा. टिंब नाही म्हणजे सरळ. तारेवर मोजून मोजून त्यानं सगळं गीत नव्यानं लिहून काढलं. पाचखाली टिंब, आठखाली टिंब, नऊखाली टिंब. सहा, सात, तीन सरळ. चार मात्र दोन जातींचा, कुठं टिंबाचा, कुठं बिनटिंबाचा. आरंभ केला होता बहिणीपासून लपायला, पण लिहिता लिहिता तो त्यात बुडाला. मंडळी इतकी वर्षं जे नुसतं कानानं गात होती, ते पहिल्यांदा कुणीतरी लिहिलं होतं. कुणाचा पाच कुणाच्या सातशी कसा बसतो, हे आता डोळ्यांनी दिसत होतं. त्याला स्वतःचा अभिमान वाटला, आणि तो खोटा नव्हता.

आणि या सगळ्या टिंबांच्या गर्दीत बायकांचा तो लांब चार. पहिल्या अर्ध्यात टिंब, दुसऱ्या अर्ध्यात नाही. बहिणीला जे सांगायचं होतं ते सगळं त्या एका न दिलेल्या टिंबात होतं.

मंडळींनी फळा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"मास्तर, फळ्याला देवी आल्यात का?" खर्जातला फाताई म्हणाला. फाताई म्हणजे पेनिसिमानीचा लहानपणापासूनचा दोस्त, अंगानं दांडगा आणि तोंडानं त्याहून.

"तुझ्या डोळ्यांना आल्यात. सातला टिंब नाही, तेवढं बघ आणि गा."

"मग मला बोलावलं कशाला? टिंबवाल्यांनाच गाऊ दे की."

पण महिन्याभरात टिंबं अंगवळणी पडली. टिंबाचा पाच, टिंबाचा आठ, असं पोरंसुद्धा बोलू लागली. फक्त बायकांचा लांब चार होता तसाच राहिला, टिंबाचा, शेवटपर्यंत. पेनिसिमानी वाट बघत राहिला. अक्का हुशार आहे, तिला दिसेल.

अक्काला दिसलं. एका शनिवारी तालीम चालू असताना लेसिएली उठली. सावकाश फळ्यापाशी गेली, खडू घेतला, आणि मागं वळून भावाकडं न बघता, हवेत बोलावं तसं बोलली, "मास्तरांचं इथं एक टिंब राहिलंय. एवढं लिहायचं म्हटल्यावर एखादं राहणारच." आणि लांब चारच्या दुसऱ्या अर्ध्याखाली तिनं टिंब दिलं. चांगलं ठसठशीत.

"उपकार झाले, अक्का," पेनिसिमानी म्हणाला.

मागच्या बाकावर तोकिलुपेनं मामाच्या काळ्या चष्म्याआड हसू दाबलं.

संध्याकाळी कावाच्या काढ्याच्या बैठकीत फाताईनं करवंटी रिकामी करून खाली ठेवली. "पूस की ते टिंब. रडतोस कशाला?"

"तू पूस."

"मी? मला अजून या गावात राहायचंय."

"मग गप बस."

"पेनी, खरं सांगू? ते टिंब पुसणारा माणूस मातालोतोत जन्मायचाय. तू दुसरा रस्ता बघ."

पेनिसिमानीनं दुसरा रस्ता बघितला. अक्काचा चार हलणार नाही ना, मग बाकीच्यांनी हलायचं. त्यानं पुरुषांच्या ओळीत तिथल्या सातखाली टिंब दिलं, म्हणजे सात खुशाल अक्काच्या चारशी जुळून खाली जाऊ दे. पण पुढचा तीन बिनटिंबाचा. खर्जवाल्यांनी खाली उतरलेल्या सातवरून जरा मोठी उडी मारायची आणि थेट मूळच्या तीनवर उभं राहायचं. त्यांच्यामागं सगळे वर येतील.

"म्हणजे तुझ्या बहिणीचं टिंब आमच्या नरड्यात," फाताई म्हणाला.

"हो. आणि तुझ्या नरड्याला मी चारचौघांत शिव्या देऊ शकतो. आता गा."

आणि त्यानं शिव्या दिल्या. खर्जवाले त्या उडीवर धडपडले, कधी कमी पडले, कधी डोक्यावरून गेले. पेनिसिमानी त्यांना म्हशी म्हणाला, नारळाची पोती म्हणाला, एकदा नको ते म्हणाला आणि बायकांची क्षमा मागितली. बायकांच्या ओळीकडं मात्र त्यानं बघणं सोडलं होतं. त्या ओळीवर अक्काचा हात पडला, तेव्हापासून फळ्याचा तेवढा भाग त्याच्यापुरता झाकलेला होता. आदर म्हणा, राग म्हणा; त्याचं त्यालाही ते नीट ठाऊक नव्हतं.

शेवटच्या तालमीला चारही कडवी झाल्यावर त्यानं नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला. जिथून निघाले होते, मंडळी तिथंच उभी होती. फाताईनं गळ्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "बघ, नारळाची पोती."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बोटीच्या आधी, पेनिसिमानी हॉलमध्ये जाऊन पुरुषांची ओळ कागदावर उतरवून आला. खर्जवाले वाटेत विसरायला नकोत. बायकांना लागणार नव्हतं, त्यांचं पाठ होतं.

राजधानीत, नुकुआलोफाला, चर्च खच्चून भरलं होतं. मातालोतोचं नाव पुकारल्यावर मागं कुणीतरी हसलं, गेल्या वर्षीचं आठवून. पेनिसिमानीनं सूर दिला.

पहिल्या कडव्याची तिसरी ओळ आली. खर्जाचा सात आधी आंबट लागला, मग खर्जवाल्यांनी तो सावरून वर घेतला, गोड झाला, आणि तिथून त्यांनी सवयीनं तीच मोठी उडी मारली. सगळे केसभर वर गेले. म्हशी घाबरल्या, असं त्याला वाटलं. त्यानं फाताईकडं डोळे वटारले. फाताईनं भुवया उडवल्या, म्हणजे मी काय करू. दुसऱ्या कडव्यात तेच. तिसऱ्यात तेच. पेनिसिमानीनं हातानं दाबा, दाबा अशी खूण केली, ती खर्जवाल्यांना हळू गा अशी वाटली. मग ते हळू गायले आणि वर गेले.

पाचव्या कडव्याला बँड आला. मंडळी बँडच्या जवळजवळ अर्धा सूर वर होती.

यंदा पाद्रीबाबांनी रुमाल काढायचीही तसदी घेतली नाही. शेजारच्या बेटाचा एक म्हातारा बाहेर आल्यावर पेनिसिमानीचा हात हातात घेऊन फार मायेनं म्हणाला, "पोरा, गेल्या वर्षी विहिरीत, यंदा माडावर. पुढच्या वर्षी जमिनीवर यायचं बघ."

परतीच्या बोटीत पेनिसिमानी आणि फाताईचं कडाक्याचं भांडण झालं.

"तू लिहिलंस तेच मी गायलो."

"तू लिहिलेलं गायला असतास तर ही वेळ आली नसती. सात खालचा होता. टिंब होतं."

"खालचाच लावला मी. बायकांशी जुळेना. जुळेना तर काय तसाच रडत ठेवू?"

"बायकांचा चार हललेला नाही. वर्षभरात हलला नाही, तो तिथं कशाला हलेल?"

"ते मला काय विचारतोस," फाताई म्हणाला, आणि उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

लेसिएली बोटीत आत बायकांबरोबर होती. भावानं रिवाजाप्रमाणं भाजलेल्या डुकराचा चांगला तुकडा तिच्यासाठी आत पाठवला. तो तसाच परत आला. पोट ठीक नाही, असा निरोप होता.

सोमवारी दुपारी पेनिसिमानी ओलं फडकं घेऊन हॉलमध्ये गेला. त्यानं ठरवून टाकलं होतं. टिंबं पुसायची, सगळी. माणसाचा गळा तारेवर मोजायला निघालो, तेव्हाच चुकलो. आकडे होते तेवढे पुरे होते. तोकिलुपे चटया झाडत होती. त्याची छत्री कोपऱ्यात उभी होती.

त्यानं वरच्या डाव्या कोपऱ्यापासून पुसायला घेतलं. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसऱ्या ओळीला पुरुषांचं पुसून हात बायकांच्या ओळीवर आला आणि थांबला. पुसायचं म्हटलं तरी अक्काच्या हातचं टिंब. मग त्यानं मन घट्ट करून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तिथं बघितलं.

लांब चारच्या दुसऱ्या अर्ध्याखाली टिंब नव्हतं. तिथं अंगठ्यानं पुसल्याचा खडूचा फराटा होता.

"हे कुणी पुसलं?"

तोकिलुपेनं झाडू थांबवला. "मामा, थट्टा करतोस का?"

"कुणी पुसलं, लेकी?"

"आईनं. शेवटच्या तालमीनंतर, सगळे गेल्यावर. मी होते ना बरोबर." ती जवळ आली. "ती घरी चटई विणताना रोज तेच गुणगुणत बसायची. आधी खालचा, मग वरचा. मला म्हणाली, ते खर्जवाले त्या जागी धडपडतात ते कुणापायी, हे न कळायला मी काय बहिरी आहे? त्यानं टिंब विसरलं नव्हतं, मीच शहाणपणा केला. चारचौघांत दिलंय, आता चारचौघांत कसं पुसू? म्हणून एकटीनं येऊन पुसलं. म्हणाली, उद्या सकाळी तो उतरवून घ्यायला येईलच. बघेल. बघितलं की खर्जाचं पहिल्यासारखं करेल."

पेनिसिमानी खाली बाकावर बसला. तो आला होता. फळ्यापुढं उभा राहिला होता. तिनं त्याच्याच लिपीत, त्याला जेवढं हवं होतं तेवढंच, लिहून ठेवलं होतं, आणि त्यानं तेवढ्याच जागेवरून डोळे फिरवून नेले होते. एकच केस दोघांनी दोन बाजूंनी उचलला, म्हणून मंडळी वर गेली. फाताई खरं गात होता. टिंबं खरी होती.

"मी बघितलंच नाही," तो म्हणाला.

तोकिलुपेनं काळा चष्मा काढला. तिचा चेहरा उतरला होता. "तिला वाटलं, तू बघितलंस. बघून खर्जाचं मुद्दाम तसंच ठेवलंस. मी वाकले तरी त्याला विश्वास नाही, असं म्हणाली. बोटीत जेवली नाही. काल चर्चलाही डोळे सुजवून आली होती."

जे टाळायला त्यानं वर्षभर एवढा खटाटोप केला, ते होऊन बसलं होतं. बहिणीला त्यानं दुखवलं होतं, आणि तेही न बघून. त्यानं भाचीदेखत डोळे पुसले, लाजला नाही.

"मी जाऊन सांगू तिला?" तोकिलुपेनं विचारलं.

"नको. तू सांगितलंस तर तो तुझा निरोप होईल."

तो उठला. पुसलेल्या ओळी त्यानं आठवणीतून पुन्हा लिहिल्या, टिंबांसकट. तिसऱ्या ओळीत पुरुषांच्या सातला टिंब दिलं नाही. बायकांची ओळ तेवढी होती तशी ठेवली, अंगठ्याच्या फराट्यासकट.

शनिवारी तालमीला मंडळी आली तेव्हा हॉलचं दार उघडं होतं आणि फळा समोर. लेसिएली सगळ्यांत शेवटी आली. दारात थांबली. बराच वेळ फळ्याकडं बघत राहिली, आधी आपली ओळ, मग पुरुषांची. मग जाऊन आपल्या जागी बसली आणि पंखा घेऊन वारा घालू लागली.

"मास्तर, आमच्या सातचं टिंब कुठं गेलं?" फाताईनं विचारलं.

"चुकून पडलं होतं."

"कुणाच्या चुकीनं?"

"माझ्या," पेनिसिमानी म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

चार कडवी झाली. त्यानं नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मंडळी वाट बघत होती. बायकांच्या बाजूनं लेसिएली हवेत बोलावं तसं बोलली, "मास्तरांना विचारा रे कुणीतरी, आलो का आपण घरी?"

तोकिलुपेनं तोंड उघडलं, पण त्याआधी पेनिसिमानी स्वतःच म्हणाला, "आलो, अक्का."